एक हात रिकामा

गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायची घडीची जाळी विकणारा प्रत्येक जण ती मिटते कशी, तेच दाखवतो. जाहिरातीतला माणूस हसतमुखाने बटण दाबतो, कडं दांड्यावर येऊन निजतं, दांडा दांड्यात शिरतो आणि एवढं थोरलं अवजार पाठपिशवीच्या बाजूच्या खिशात गडप होतं. बघणाऱ्याला वाटतं, वा! पण मिटण्याची घाई कोणाला असते? मासा घरी नेऊन झाला की जाळी दुपारभर मिटत बसलं तरी चालतं. घाई असते ती उघडताना. आणि उघडताना दाखवलंच, तर तो माणूस कोरड्या हिरवळीवर उभा राहून, कोरड्या हातांनी, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हातांनी उघडतो.

गळाने मासे गरवणाऱ्यालाही हात दोनच असतात. त्यातला एक, मासा लागल्याक्षणी, गळाच्या रॉडला वाहिलेला असतो. तो सोडवून घेता येत नाही. रॉड काखेत धरणं, गुडघ्यांत धरणं, शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या हातात कोंबणं असे प्रयोग लोक करतात. तेवढ्यात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल पडतो, मासा एकदाच डोकं झटकतो आणि गळ मोकळा परत येतो. म्हणजे जाळी उघडायला हिशेबाने एकच हात उरला. तोही ओला, आमिषाने बरबटलेला आणि बहुतेकांचा डावा. या डाव्या हाताला जी उघडते ती जाळी, बाकी सगळं सामान, असं माझं मत आहे. घरच्यांना ते आता तोंडपाठ झालंय.

मुळात जाळी लागतेच कशाला, असं विचारणारेही असतात. आमच्या काठावर एक काका येतात. त्यांच्याकडे जाळी नाही, कधी नव्हती. मासा दमून काठाला आला की ते वाकतात, अंगठा त्याच्या तोंडात घालून जबडा चिमटीत पकडतात आणि उचलतात. मी जाळ्यांचे फोटो चाळत बसलेला दिसलो की म्हणतात, “हात आहेत ना रे तुला?” आहेत. पण काकांच्या अंगठ्याला सदोदित पट्टी बांधलेली असते, तीही माझ्या डोळ्यांसमोर असते. दात असलेल्या माशापुढे अंगठा करणं हा एक प्रकार झाला. त्याहून वाईट म्हणजे तीन टोकांचा गळ. एक टोक माशात, दुसरं आपल्यात, आणि मासा अजून उड्या मारतोय.

शिवाय वजनाचं गणित आहे. पाण्यात माशाला जवळजवळ वजनच नसतं. पाणीच त्याला तोलून धरतं. म्हणून ३ किलोच्या तंगुसावर ५ किलोचा मासासुद्धा धीराने दमवून काठापर्यंत आणता येतो. पण तोच मासा तंगुसाने हवेत उचलायला गेलात की पूर्ण ५ किलो त्या दोऱ्यावर येतात आणि दोरा आपलं काम संपलं असं जाहीर करतो. त्यातून काठाशी तंगूस उरलेला असतो वीतभर. लांब असताना तो ताणला जाऊन हिसका पोटात घेतो, एवढासा उरल्यावर घेत नाही. मासा जाळी बघून शेवटची मुसंडी मारतो ती नेमकी तेव्हाच. हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “हे माशाला सांगितलंस का?”

तर जाळी घ्यायची ठरलं. घडीचीच घ्यायची हेही ठरलं, कारण घडी न होणारी जाळी घेऊन गर्दीतून चालणं म्हणजे वाटेतल्या प्रत्येकाशी वेगळी ओळख करून घेणं. इथून पुढे जे सुरू झालं, त्याने आमच्या घरातल्या बऱ्याच संध्याकाळींची शांतता खाल्ली.

घडीच्या जाळ्यांच्या ढोबळ तीन जाती आहेत. पहिली त्रिकोणी: दोन बाहू दांड्याच्या टोकाला बिजागरीने जोडलेले आणि पुढच्या बाजूला दोन्ही टोकांमध्ये नुसती दोरी. बाहू फाकले की दोरी ताठ होते आणि जाळीचं तोंड तयार. ही जात मला आवडते. पुढची दोरी काठाला सपाट टेकते, मध्ये फट राहत नाही. पण बाहू पूर्ण फाकून अडकले नाहीत तर दोरी सैल लोंबते आणि मासा तिच्यावरून घरंगळत जातो. दुसरी जात गोल कड्याची, जे मानेपाशी बिजागरीवर उलटं वळून दांड्यावर येतं. मजबूत असते, उघडली की खट् असा समाधानी आवाज करते. तो ‘खट्’ होण्याआधी एक बटण दाबून धरावं लागतं, आणि ते बटण ज्याने बनवलं त्याचा अंगठा वाटाण्याएवढा असावा.

तिसरी जात स्प्रिंगच्या पट्टीची. हिचं कडं पिळून इंग्रजी आठाचा आकडा करायचा, तो परत दुमडायचा, की तीन छोटी वेटोळी होऊन मूठभर पिशवीत जातात. पिशवीतून बाहेर काढली की क्षणात स्वतःहून उघडते. माझ्या निकषावर पहिल्या नंबरने पास. मिटताना मात्र ती अंघोळीला नको म्हणणाऱ्या पोरासारखी वागते: एक बाजू आवरावी तर दुसरी सुटते, आणि शेवटी आपणच भिजतो. शिवाय पट्टी लवचीक, त्यामुळे वजनदार मासा आला की कड्याचं तोंड लांबोळं होतं आणि मासा शांतपणे बाहेर डोकावतो.

वर्णनं वाचण्यात वेगळीच करमणूक आहे. ‘विमानाच्या दर्जाचं अ‍ॅल्युमिनियम’ हे जवळपास सगळीकडे असतं. असेल बापडं, विमानात अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातू वापरतात हे खरंच आहे. पण सगळा भार ज्या बिजागरीवर येतो ती प्लॅस्टिकची असते, आणि ती कुठल्या वाहनाच्या दर्जाची हे कोणी लिहीत नाही. ‘लांबी २ मीटर’ म्हणजे कड्यासकट की कड्याविना, यावर मौन. दांडा दांड्यात सरकणारा असेल तर प्रत्येक जोडात काही बोटं आत राहतात, ती कोणाच्या खात्यात धरली यावरही मौन. कार्बनचा दांडा हलका असतो, पण कार्बनमधून आणि अ‍ॅल्युमिनियममधून दोन्हींतून वीज वाहते, तेव्हा डोक्यावर तारा असलेल्या काठावर २ मीटरचा दांडा उभा करून मिरवू नये, ही सूचना मोठ्या अक्षरांत पाहिजे. ती नसते. ‘भेट देण्यास उत्तम’ हे मोठ्या अक्षरांत असतं.

फोटोंत माणसं लांब दांडा आडवा धरून, टोकाशी थोरला मासा, दात दाखवत उभी असतात. तेवढं तरी करू नये. समजा मासा ३ किलोचा, पुढच्या हातापासून दीड मीटर लांब, आणि मागचा हात त्याच्या ३० सेंटिमीटर मागे. मागच्या हाताने खाली दाबायचा जोर निघतो १५ किलोंचा, आणि तेवढी सगळी तेढ दांडा नि बिजागरी सोसतात. वर एक हात रॉडवर असेल तर हे जमणारच नाही. मासा आत आला की दांडा अंगाकडे सरळ ओढून घ्यायचा, कडं हाताशी आलं की कडं धरूनच उचलायचं. लांब दांडा पोहोचण्यापुरता, उचलायला नाही. उंच काठावर उभं राहायचं असेल तर लांब हवाच. गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्याला हातभर दांडा पुरतो, उगाच लांब असेल तर तोच पायांत येतो.

एवढा अभ्यास झाल्यावर मी ओळखीपाळखीच्यांकडून तिन्ही जातींच्या जाळ्या मागून आणल्या आणि घरात चाचणी ठेवली. उजव्या हातात रॉडऐवजी केरसुणी. डावा हात साबणाच्या पाण्यात बुडवलेला, कारण माशाचा बुळबुळीतपणा घरात दुसऱ्या कशाने आणणार? २ लिटरची भरलेली बाटली म्हणजे २ किलोचा मासा. ती दोरीने केरसुणीला बांधलेली, आणि दोरी ताणून धरायला मुलगा. त्याला फक्त ‘तंगूस सैल पडू देऊ नकोस’ एवढंच सांगितलं होतं, पण त्याने मनापासून मुसंड्या मारायला सुरुवात केली. बायको दारात उभी राहून हे बघत होती. “मासा दमला की सांगा,” ती म्हणाली, “त्याचा गृहपाठ राहिलाय.”

गोल कड्याच्या जाळीचं बटण साबणाच्या अंगठ्याखालून निसटत राहिलं. बटण नीट बघितलं तेव्हा कळलं, ते गुळगुळीत होतंच, वर धातूत खोलगटही बसवलेलं होतं. नखाने दाबावं लागे. शेवटी दबलं, कडं अर्ध्यावर आलं आणि थांबलं. बिजागरीच्या तोंडात जाळीची दोन घरं सापडली होती. ती सोडवायला दुसरा हात लागतो. घडीच्या जाळीत हा प्रकार सर्रास होतो, कारण मिटल्यावर जाळीची पिशवी लोंबत राहते आणि उघडताना पहिली तीच मध्ये येते. तेव्हा बघणाऱ्याने बिजागरी आणि पिशवी यांच्यात किती अंतर आहे ते बघावं. दोन बोटंही नसेल तर पुढे बघूच नये. त्रिकोणी जाळी मात्र दांडा खाली करून एक झटका दिला की बाहू फाकून आपोआप अडकले. बटण नाही, काही नाही. मासा गृहपाठाला गेला.

जाळीचा धागा कोणता, हा प्रश्न मी सोपा समजत होतो, कारण घरात कोणालाच त्यात रस नव्हता. गाठी मारलेलं नायलॉन हलकं, घडी बारीक होते. पण गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, खवले निघतात, पर फाटतात. मासा परत सोडायचा असेल तर तो थर जपावा लागतो, रोगजंतूंपासून त्याचं रक्षण तोच करतो. हातसुद्धा आधी ओले करायचे ते त्यासाठीच. शिवाय तीन टोकांचा गळ नायलॉनमध्ये असा गुंततो की अंधार पडेपर्यंत सोडवत बसावं. रबराच्या जाळीत गळ सहसा अडकत नाही, पाणी झटकलं की सुकते, वास धरत नाही. पण ती जड, पाण्यात ओढायला आळशी, आणि मिटल्यावर घडीतून बाहेर फुगून बसते. मधला मार्ग म्हणजे गाठी नसलेल्या धाग्यावर रबराचा लेप. मी त्रिकोणी जाळी घेतली ती याच लेपाची. सगळ्या मधल्या मार्गांप्रमाणे हाही दोन्ही बाजूंनी थोडा थोडा त्रास देतो.

स्क्रूही बघावे, बरं का. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असला की दोघांचं जमत नाही. अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं आणि जोड जाम होतो. दरवेळी गोड्या पाण्याने धुवायची, हाच उपाय. सरकत्या दांड्यात वाळू गेली तरी तेच. धुताना दांडा पूर्ण उघडून धुवावा लागतो, आणि आमचं न्हाणीघर त्याहून लहान आहे.

पाण्यावर ती जाळी उत्तम चालली, सांगायला हरकत नाही. झटका दिला, उघडली, पाण्यात बुडवून स्थिर धरली, मासा डोक्याकडून तिच्यावर आणला आणि दांडा अंगाकडे ओढला. माशामागे जाळी पळवत बसू नये. शेपटीकडून गेलात तर तो नुसता पुढे निघून जातो. आणि जाळी वाटते त्याहून खोल धरावी. सरळ वरून बघताना १ मीटर खोल पाण्यातली वस्तू ७५ सेंटिमीटरवर दिसते, त्यामुळे नवा माणूस हमखास माशाच्या पाठीवरून जाळी फिरवतो. काकांनी हे सगळं बघितलं. “बरी आहे,” म्हणाले. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने त्यांनी पुढची दोरी दोनदा दाबून बघितली, पण मागितली नाही.

अडचण दुसरीच निघाली. जी जाळी एका झटक्यात उघडते, ती झटका कोणी दिला याची चौकशी करत नाही. झुडपातून वाट काढताना फांदीने दिला तरी उघडते. पायरी उतरताना पाठपिशवी उडाली तरी उघडते. एकदा लिफ्टमध्ये उघडली. समोर एक गंभीर गृहस्थ फाइल छातीशी धरून उभे होते. बाहू फाकले आणि फाइलसकट ते कोपरापर्यंत आत आले. डोक्याकडून. तंत्राच्या दृष्टीने त्यात काही उणं नव्हतं. त्यांनी एक अक्षर काढलं नाही, मीही दांडा अंगाकडे ओढला नाही, आणि दोन मजले आम्ही तसेच गेलो.

मग मी मिटलेल्या जाळीभोवती वेल्क्रोचा एक घट्ट पट्टा आवळला. आता ती लिफ्टमध्ये उघडत नाही. झुडपात उघडत नाही. पट्टा सोडवायला मात्र एका हाताने जाळी धरून दुसऱ्याने टोक ओढावं लागतं, म्हणजे दोन हात. बायकोने सुचवलं, टोक दातांनी ओढा. ओढतो. सुटतो झटकन. फक्त दांड्याबरोबर पट्टाही दरवेळी नीट धुवावा लागतो, नाहीतर आजच्या माशाआधी गेल्या खेपेचा मासा तोंडाला लागतो.