गच्चीवर सोलर बसवताय? वा, मग बसा!

देशप्रेम उतू चाललंय, कॉमन लाईटचं बिल बघून गरगरतंय आणि हाताशी चिक्कार वेळ आहे? मग सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवाच. मी बोरीवलीतल्या २८ फ्लॅटच्या एका सोसायटीचा खजिनदार. आमचं २० किलोवॉटचं सोलर फेब्रुवारीत बसलं आणि मे संपत आला तरी ते नुसतं बसलेलंच आहे, त्यामुळे या विषयात सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या वेस्टर्न लाईनवर मिळायचा नाही.

आधी आकडे पाठ करा, जनरल बॉडीत कामाला येतात. २०३० पर्यंत कोळसा-गॅस सोडून ५०० गिगावॉट वीजक्षमता, २०२१ साली ग्लासगोत जगासमोर शब्द दिलाय. त्याच्या आधीचं टार्गेट २०२२ चं होतं, १७५ गिगावॉटचं, आणि त्यातले ४० गिगावॉट नुसत्या गच्च्यांवरून येणार होते, पण ते कोणी काढायचं नाही. कोणी काढलंच तर २०३० सांगा. २०३० मध्ये विचारलं तर नेट झिरोचं (जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषून घेऊ, त्याचं) २०७० आहेच, तोपर्यंत विचारणारेही नसतील आणि सांगणारेही.

केंद्राच्या सूर्यघर योजनेची जाहिरात जरूर दाखवा. २०२४ ची योजना, १ कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, घरामागे ७८,००० पर्यंत सबसिडी. ऐकून मेंबर हुरळतात. मग हळूच सांगा की ते ज्याची स्वतःची गच्ची आहे त्याला. आपल्याला किलोवॉटमागे १८,०००, तेही लिफ्ट, पंप नि जिन्याच्या दिव्यांपुरतं. २० किलोवॉटचे ३,६०,००० झाले की. कधी मिळणार? मीटर लागल्यावर. मीटरचं पुढे बघू.

शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर पुढचं वाचू नका, नवा टॉवर तुमचं ऊनच खाणार.

गच्ची मोजून घ्या. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट लागतात, म्हणजे आम्हाला २,०००. त्यात पाण्याच्या टाक्या, गळतीसाठी घातलेली पत्र्याची शेड, बंद पडलेल्या डिश अँटेना आणि गेल्या पंधरा वर्षांत वर न आलेले पण "आमचे पापड कुठे वाळत घालायचे" म्हणून मिनिट्समध्ये ऑब्जेक्शन नोंदवणारे एक जोडपं.

पॅनल पुसायला माणूस ठेवा. धूळ मुंबई पुरवेल, मुबलक आणि फुकट.

लाईट गेली तरी सोलर चालू राहील असं चुकूनसुद्धा कोणाला बोलू नका. ग्रीडला जोडलेलं, बिनबॅटरीचं सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं, लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना भर दुपारी बंद लिफ्टसमोर उभं राहून समजावून दाखवा. "वर एवढं ऊन आहे, अकरा लाख घातलेत, आणि मी जिना चढू?" माझ्याकडे उत्तर होतं, तोंड उघडायची हिंमत नव्हती.

आता नेट मीटर. इथे जरा नीट बसा, पाणी घेऊन बसा. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण बाहेरून घेतो, हे दोन्हीकडचं मोजणारा मीटर लागल्याशिवाय सोलर चालू करायचं नसतं. (हळूच चालू करायची आयडिया आम्हालाही सुचली होती. नको. साधा मीटर कधी कधी बाहेर गेलेली वीजसुद्धा आपण वापरली असं धरून तिचं बिल लावतो.) केंद्राने २०२४ मध्ये नियम बदलले, १० किलोवॉटपर्यंत तपासणीच नको, त्याच्या वर असेल तर १५ दिवसांत तपासा, आणि बसवून झालं की मीटर वगैरे लावून चालू करायलाही १५ दिवसच. वाचून मला भरून आलं होतं हो, खरंच. पहिल्या खेपेला वीज कंपनीच्या काउंटरवर सांगितलं सँक्शन्ड लोड, म्हणजे मंजूर वीजभार, कमी आहे, वाढवून घ्या. वाढवला, पैसे भरले. दुसऱ्या खेपेला पोर्टल डाऊन. तिसऱ्याला साहेब साईटवर. चौथ्याला कळलं की आमचा कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे, तीस वर्षं बिल सोसायटी भरतेय, सोसायटीच्या चेकने भरतेय, ते चेक यांना तीस वर्षं चालले, पण नेट मीटरला बिल्डरची एनओसी हवी! कुठून आणू? फर्म कधीच बंद झाली, एक पार्टनर वारला, दुसरा कुठे आहे ते त्याच्या देणेकऱ्यांनाही माहीत नाही, माहीत असतं तर आम्ही आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून, नसतं मागितलं? पाचव्या खेपेला इन्डेम्निटी बाँड (पुढे काही झालं तर जबाबदारी आमची, असं लिहून देणं) चालेल म्हणाले, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करून नेला, तर फॉरमॅट बदललाय. परवा सहावी खेप. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "काका, तुम्ही कशाला टेन्शन घेताय? सिस्टीममध्ये तुमचं इन्स्टॉलेशन कम्प्लीट दाखवतंय." हिरवी टिक होती समोर. कम्प्लीट! एक युनिट तयार झालं नाही आणि कम्प्लीट. म्हणजे कुठल्यातरी भाषणातल्या एकूण मेगावॉटमध्ये आमचे २० किलोवॉट केव्हाच जाऊन बसले असणार.

दिवसाला ८० युनिट धरा, १०० दिवस, ८,००० युनिट गेले. आणि तेही मार्च ते मे, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. आता पावसाळा येईल आणि मग बहुतेक मीटर लागेल.

आणि हे फक्त आमच्या गच्चीचं असतं तर गप्प बसलो असतो. राजस्थानात उभ्या राहिलेल्या सोलर पार्कना भर दुपारी उत्पादन कमी करा म्हणून सांगतात, कारण वीज वाहून न्यायला लाईन नाही. पार्क दीड-दोन वर्षांत होतो, लाईनला त्याहून जास्त लागतात, हे काय कोणाला आधी माहीत नव्हतं? टेंडर काढून बसलेत आणि ४० गिगावॉटच्या वर वीज विकत घ्यायला राज्यं तयार नव्हती. २०२५ च्या जुलैत जाहीर केलं की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅस सोडून, पाच वर्षं आधीच टार्गेट गाठलं. क्षमता हां! प्रत्यक्ष तयार होणारी वीज बघा, सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळसाच. संध्याकाळी सात वाजता अख्खी मुंबई घरी येऊन एसी लावते तेव्हा सूर्य कुठे असतो? साठवायची सोय किती केलीत? बोर्डावर मेगावॉट लिहून पंखा फिरत नाही. तुम्ही प्लेटा मोजताय, जेवण कोणाला मिळालं ते कोणीच बघत नाहीये.

१५ दिवस लिहिलेत ना नियमात, मग सोळाव्या दिवशी काय होतं ते सांगा. आम्ही बिल चार दिवस उशिरा भरलं की तुम्ही व्याज लावता, तुमचा मीटर शंभर दिवस उशिरा आला त्याचं व्याज कोण देणार? लाज नाही वाटत रिटायर्ड माणसाला एका कागदासाठी सहा वेळा उन्हात फिरवायला? आणि आमचे मेंबरही तसलेच. ग्रुपवर "गो ग्रीन" फॉरवर्ड करतात, माझ्याबरोबर एकदा ऑफिसात या म्हटलं तर सगळ्यांना मीटिंग असते, वर सोलरसाठी सोसायटीची एफडी मोडली म्हणून मलाच जाब. नका बसवू सोलर, पण निदान जो खेपा घालतोय त्याला तरी शिव्या घालू नका.

काल वर जाऊन आलो. पॅनलखाली कबुतरांनी अंडी घातलीत, त्यांना पझेशन मिळालं, तेही पालिकेच्या ओसीशिवाय. वॉचमन रोज विचारतो, "साब, चालू हुआ क्या?" मी हल्ली मागच्या गेटने जातो. सोमवारी सातवी खेप. वारलेल्या पार्टनरचं डेथ सर्टिफिकेट मिळवलंय, तीन कॉप्या, अटेस्टेड.