धर्म काय टाकू, सर?

आज लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी ई-सेवा केंद्रात गेलो होतो. सकाळी अकराला टोकन घेतलं, नंबर आला पावणेदोनला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस. जो तो आईबाप हातात प्लास्टिकची फाईल आणि फाईलीत झेरॉक्सची चळत घेऊन घामाघूम. मीही त्यातलाच.

कॉम्प्युटरवरचा पोरगा चांगला होता, हे आधीच सांगतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी त्याच्यावर डाफरलो. त्याने कागद चाळले. माझा दाखला, वडिलांच्या शाळेचा निर्गम उतारा, आजोबांचा कोतवाल बुकातला उतारा. आजोबांच्या उताऱ्यावर त्याचं बोट थांबलं. "सर, हा १९५० च्या आधीचा आहे. महार लिहिलंय. मग ओबीसीत कशाला शिरताय? सरळ एससी काढू. आडनाव तर आपलंच आहे. धर्म हिंदू टाकतो, वडिलांचा हा उतारा जोडूच नका."

मी म्हटलं, नको, आम्ही ख्रिस्ती आहोत.

"अहो, घरात काय ते असा की. कागदावर काय टाकू?"

आणखी एकदा विचारलं त्याने. केंद्राच्या मागेच चिकन सेंटर आहे. बायबलात पेत्र 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हणतो, कोंबडा आरवतो आणि तो रडतो. इथे तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि मागून कोंबडा आरवला असता, तर मी तिथेच बसून पेत्रासारखा रडलो असतो, शपथेवर सांगतो.

आता तो जो उतारा "जोडूच नका" म्हणत होता ना, त्याची गोष्ट सांगतो. आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलेली नसेल.

साल १९६१. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं (हो, आता अहिल्यानगर, माहितीय). वडिलांचं नाव तालुक्याच्या शाळेत पाचवीत घालायचं होतं. मास्तर भला माणूस. म्हणाले, बाई, ख्रिस्ती लिहिलं तर सवलत जाईल, हिंदू महार लिहितो, पोराचं भलं होईल. आजोबा गप्प राहिले. आजी नाही राहिली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती म्हणाली, "मास्तर, ख्रिस्ती लिव्हा. लेकराच्या नावाम्होरं खोटं नगं." मास्तरांनी लिहिलं. मग ती म्हणाली, "काय लिव्हलं ते वाचून दावा." त्यांनी वाचलं. तिचा भरवसा बसला नाही. तिने वडिलांना पुढे ढकललं, "तू वाच." वडिलांनी वाचलं. मग तिने त्या शब्दावर बोट ठेवलं, खरंच तिथेच आहे ना बघायला. शाई ओली होती. उताऱ्यात अर्थात तो डाग दिसत नाही, उतारा टाईप केलेला आहे. पण मूळ रजिस्टर मी स्वतः पाहिलंय. ख्रिस्ती या शब्दातला 'ख्रि' फराटलेला आहे.

सवलत गेली. आजी पुढची सहा वर्षं दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला गेली, वडील सुट्टीत ऊस तोडायला. एवढंच. यात चमत्कार वगैरे काही झाला नाही. स्वर्गातून पैसे पडले नाहीत.

आणि मी आज तो उतारा फाईलीतून काढून ठेवू?

रांगेत माझ्या मागे एक गृहस्थ होते. सगळं ऐकत होते. हसून म्हणाले, "काय साहेब, तुमच्या आजोबांना किती तांदूळ दिले होते?" म्हणजे आम्ही तांदळासाठी धर्म विकला. चारचौघं हसले. मीही हसलो, हे लिहायची लाज वाटतेय. बाहेर पडल्यावर उत्तर सुचलं, नेहमीसारखं. अरे बाबा, आमच्या भागात बाजरीची भाकरी खातात. तांदूळ आमच्याकडे लग्नात अक्षतांना लागायचा. अमेरिकन मिशन नगरला १८३१ साली आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले हे खरंय, नाकारत नाही. ज्याने उपाशी माणसाला विचारलं नाही त्याने, उपाशी माणूस कोणाच्या दारात गेला हेही विचारू नये. आणि आजीने १९६१ ला तो धर्म लिहून घेतला तेव्हा तिला काही मिळालं नाही, होतं ते गेलं. हा कसला सौदा?

मला राग त्या पोराचा नाही. त्या गृहस्थांचाही फार नाही. राग आहे तो १९५० च्या अनुसूचित जातींबद्दलच्या सरकारी आदेशाचा. अनुसूचित जातीतला माणूस हिंदूच हवा म्हणे. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आत आले. छान झालं, यायलाच हवे होते. आपण ख्रिस्ती अजून दाराबाहेर. का, तर तुमच्या धर्मात जात नाही. वा! आजीला पाणवठ्यावर लांब उभं केलं तेव्हा कोणी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. (आणि आपल्या मंडळीत जात नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच लग्नांच्या याद्या काढून बघाव्यात. असो. तो विषय वेगळा, पण मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या.)

घरी येऊन फॅमिली ग्रुपवर लिहिलं, तर चुलतभावाचा मेसेज आला. "दादा, प्रॅक्टिकल हो. देव कागद वाचत नाही."

देव कागद वाचत नाही! दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो होतो. काय काय टाईप केलं आणि खोडलं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात, सवलतीपुरतं हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं म्हटलं तेही टाकणार होतो. नाही टाकलं. कोर्टाच्या भीतीने ख्रिस्ती राहायचं असेल तर काय उपयोग?

आणि तो कोणाचा मुलगा आहे, ते आठवलं.

माझ्या काकांनी कागदावर हिंदू लिहिलं. आजीच्या पाठीमागे, मॅट्रिकनंतर. सरकारी नोकरी लागली, घर झालं, मुलं शिकली. माझ्या वडिलांपेक्षा सगळं बरं झालं, हे मान्य करतो. काका देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, यायचे. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, भक्ती सुरू झाल्यावर यायचे आणि आशीर्वादाच्या आधी निघायचे. उपासना संगीताचं पुस्तक कधी हातात धरलं नाही, गरजच नव्हती. सगळी गाणी तोंडपाठ, पण आवाज एवढा बारीक की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे जायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, आज तब्येत बरी नाही. तीस वर्षं तब्येत बरी नव्हती त्यांची.

ते गेले तेव्हा घरात दोन तास वाद झाला, पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलवायचं की नाही. ऑफिसची माणसं येणार होती. शेवटी बोलावलं नाही. मातीही नाही, जाळायला वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. मी पायरीवर बसून त्यांचं आवडतं गाणं मनात म्हटलं. मनातच.

हे लिहिताना मघाचा राग ओसरला थोडा. काकांना मी भित्रा म्हणत आलो इतकी वर्षं. भित्रे नव्हते ते. तीन मुलं होती, भाड्याची खोली होती. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याने त्या रकान्यात काय लिहावं, असं मला विचारू नका. माझ्याकडे उत्तर नाही, आणि माझ्या घरी आज चूल पेटते आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी नाही का, नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी स्वतः १९०० पर्यंत घेतला नाही. जगही एका बाजूने ओढत होतं, नवराही. त्यांना पटलं तेव्हाच घेतला. मला तेवढंच म्हणायचंय. आत आहे ते बाहेर असावं. उलटं असेल तर तीस वर्षं तब्येत बरी राहत नाही.

म्हणून भावाला एवढंच लिहिलं, "देव वाचत नसेल, पण आजीने वाचून घेतलं होतं." त्याने निळी टिक दिली. उत्तर नाही. रविवारी भेटेल तेव्हा बोलू. तो येतो रविवारी, बरं का. मधल्या बाकावर बसतो. बापापेक्षा चार बाकं पुढे.

केंद्रातलं राहिलंच. पोराने शेवटी खांदे उडवले, ओबीसीचा फॉर्म उघडला, धर्मांतरित ख्रिश्चन टाकलं आणि सबमिट करायला हात पुढे नेला. मी म्हटलं, थांब, काय टाकलंस ते वाचून दाखव.

तो म्हणाला, "सर, चष्मा विसरलात का?"

लेक शेजारीच उभी होती. तिला गोष्ट माहीत आहे. ती पुढे वाकली आणि स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं, मागचे गृहस्थ ऐकतील एवढ्या मोठ्याने. मग पावती घेतली, तीन आठवड्यांनी या म्हणाला. येताना बसमध्ये तिने विचारलं, "पप्पा, यामुळे कॉलेज हुकलं तर?"

मी म्हटलं, तर मग कांद्यात जाऊ. ती हसली नाही. मीही नाही.