"आतडं फाटतं" वाला तो मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी, म्हणजे स्कोप, घालून मोठं आतडं तपासतात त्यात) आतडं फाटतं, फाटलं की पोट उघडून पोटावर संडासाची पिशवी लावावीच लागते, दोन दिवस काही झालं नाही तर सुटलात, आणि डॉक्टर हे लपवतात. मी एन्डोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आतड्याला छिद्र पडू शकतं, हे खरंच आहे. पण साधारण हजारात एखाद्याला, तेवढंही नाही. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनचा मोठा अभ्यास आला, त्यात ११,८४३ जणांची तपासणी झाली, छिद्र एकालाही नाही, मोठा रक्तस्राव १५ जणांना आणि तोही पॉलीप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ) काढल्यावर. अर्थात ही त्रास नसलेली माणसं होती, मोठा पॉलीप काढायचा असेल किंवा आतडं सुजलेलं असेल तर धोका वाढतो.

पिशवी लागतेच हे चूक. छिद्र तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसलं तर स्कोपमधूनच क्लिप सोडतात, हँडल आमच्या हातात असतं, डॉक्टर "ओपन" म्हणतात, दोन्ही कडा क्लिपच्या चिमट्यात आल्या की "क्लोज", आणि टक्क करून बसते. मग उपाशी ठेवायचं, सलाइन, अँटिबायोटिक, सर्जनचं लक्ष. उशिरा कळलं आणि घाण पोटात पसरली तर मात्र ऑपरेशन, त्यातल्या काहींना पिशवी, तीही बऱ्याचदा तात्पुरती.

मला खरी भीती वाटते ती "दोन दिवसांत सुटलात" ची! पॉलीप काढलेल्या जागेवरची खपली नंतर सुटते, रक्त दोन आठवड्यांपर्यंत कधीही जाऊ शकतं. पॉलीप कापताना वापरतात त्या विजेच्या करंटने आतड्याची भिंत भाजली तर छिद्र नसतानाही ताप येतो, पोट दुखतं, ते बहुतेक वेळा औषधांनीच बरं होतं पण सीटी करून खात्री करावी लागते. अगदी क्वचित प्लीहेला (पोटात डावीकडे असलेला अवयव, स्प्लीन) इजा होते, तेव्हा डावा खांदा दुखतो, चक्कर येते, आणि लोक खांद्याला बाम चोळत बसतात हो!

लपवतात म्हणाल तर संमतीपत्रात हे सगळं लिहिलेलं असतं. पण आम्हीही घाईत "इथे सही करा" म्हणतो, हे चुकतंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

एक काका पॉलीप काढल्यावर नवव्या दिवशी संडासात लाल रक्त दिसल्याबरोबर आले. काकूंनी डिस्चार्ज कार्ड फ्रिजवर चिकटवलं होतं, आमचा नंबर पेनने गोल करून. परत स्कोप घातला, दोन क्लिप लावल्या, तिसऱ्या दिवशी काका घरी.