‘वातानुकूलित दवाखान्यातून खेडे दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘स्पर्शजन्य त्वचादाह : शहरातला आणि खेड्यातला’ या, एखादा पदार्थ कातडीला लागून होणाऱ्या दाहाविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. गाजर गवताचा त्रास मी खेड्याच्या खात्यात टाकला, प्रत्यक्षात ते गवत पुण्यातच प्रथम सापडले. निकेलचे दागिने आणि केसांचा काळा रंग आता खेड्यातही पोचले असल्याने शहर-खेडे ही विभागणीच चुकीची असून खरा प्रश्न व्यवसायाचा आहे. लेखात आकडे नाहीत. हे आपले तीन मुख्य आक्षेप. त्यानंतर आपण लिहिता, ‘वातानुकूलित दवाखान्यात बसून खेडे दिसत नाही, डॉक्टरीणबाईंनी एकदा बांधावर येऊन पाहावे.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे आणि तो मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. गाजर गवताची भारतातील पहिली शास्त्रीय नोंद 1956 साली पुण्यातूनच झाली असे धरले जाते, ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाची सुरुवातीची वर्णनेही पुण्याच्याच परिसरातली आहेत. ‘ग्रामीण भागातून पसरलेले’ असे माझ्या हातून लिहिले गेले, ते चूक होते.

परंतु शेवटच्या वाक्याविषयी मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात आक्षेप माझ्या लेखावर नसून माझ्यावर आहे. ‘डॉक्टरीणबाई’ हा शब्द आपण ज्या सुरात वापरला आहे, तो एखाद्या पुरुष डॉक्टरच्या लेखाखाली आपण वापरला असता का, हे आपले आपणच ठरवा. ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलेला नाहीत, तिने बांध पाहिलेला नाही असे आपण गृहीत धरता आणि ते चारचौघांत लिहून मोकळे होता. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, या रीतीबद्दल आहे.

माझा जन्म सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात झाला. आठ एकर जिरायत जमीन, एक विहीर आणि तिच्या कडेने कमरेएवढे वाढलेले गाजर गवत. आमच्याकडे त्याला काँग्रेस म्हणत, काही जण चटक चांदणी म्हणत. मी सातवीत असताना आमच्या आप्पांचा चेहरा काळवंडू लागला. आधी पापण्या सुजल्या, मग मान, कानांच्या मागची जागा, कोपरांचे आतले वळे. वर्षभरात कपाळाची कातडी इतकी जाड झाली की आठ्या पुसल्या जाईनात. गावातल्या डॉक्टरांनी ‘ऊन बाधले’ म्हणून सांगितले, शेजाऱ्यांनी नायटा ठरवला, आणि आप्पा दुपारचे घोंगडी लावलेल्या अंधाऱ्या खोलीत पाठ टेकून खाजवत पडू लागले. रात्री त्यांच्या नखांचा कातडीवरचा आवाज आम्हा भावंडांना ऐकू येत असे. तो आवाज मी वातानुकूलित दवाखान्यात ऐकलेला नाही.

उन्हाने होणारा दाह सावलीतल्या जागा सोडतो. हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर तो सहसा उतरत नाही. हवेतून अंगावर बसणाऱ्या गाजर गवताच्या भुकटीला सावली आणि ऊन सारखेच, ती नेमकी याच वळ्यांत साचते. हे मला पुढे शिकताना कळले, तेव्हा आप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्याहूनही जास्त छळले ते त्यांच्या उपरण्याने. खुरपणीच्या वेळी ते उपरणे बांधावरच्या त्याच गवतावर टाकत, घाम आला की त्यानेच तोंड पुसत, आणि आई ते धुऊन पुन्हा विहिरीच्या कडेला त्याच झुडपांवर वाळत घाली. जे चेहऱ्यापासून लांब ठेवायला हवे होते, तेच आम्ही रोज नेमाने त्यांच्या चेहऱ्याला लावत होतो.

एकदा चुलत्यांनी त्यांना परळला आपल्या चाळीतल्या खोलीत नेऊन ठेवले. तीन आठवड्यांत पापण्या उतरल्या, ते महिनोन्महिन्यांनी रात्रभर झोपले. मृग लागला तसे पेरणीसाठी परत आले, आणि आठ दिवसांत सगळे पहिल्यासारखे झाले. माझ्या लेखाचा गाभा एवढाच आहे, आणि तो मी लेखाच्या किती तरी आधी, आमच्या ओट्यावर पाहिला आहे.

वैद्यकीय शिक्षणानंतर मी 11 वर्षे एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. तिथे पंखाही दिवसातून चार तास बंद असे. या आजाराचे कारण शोधायची खात्रीची रीत म्हणजे पॅच टेस्ट : संशयित पदार्थांचे अगदी थोडे थोडे नमुने छोट्या वाट्यांतून पाठीवर चिकटवायचे, 48 तास तसेच ठेवायचे, त्या काळात अंघोळ नाही, घाम येईल असे काम नाही, मग पट्ट्या काढून पाहायचे आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहायचे. एका शेतमजुराच्या पाठीवर मी जूनच्या पहिल्या आठवड्यात अशा पट्ट्या लावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीने आला आणि त्याने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पुडीत माझ्याच पट्ट्या होत्या, घामाने सुटून आलेल्या, एकही न हरवता नीट घडी करून आणलेल्या. ‘बाई, दोन दिवस बसून राहिलो असतो तर पेरणीची मजुरी गेली असती,’ एवढेच तो म्हणाला. तपासणी वाया गेली होती, एसटीचे भाडे वाया गेले होते, आणि वरून तो माझी माफी मागत होता. महोदय, एकदा बांधावर येऊन पाहा असे आपण मला सांगता. बांध माझ्या टेबलावर पुडीतून आलेला आहे.

आता विभागणीविषयी. खेड्यातल्या बायकाही गिलटाचे दागिने घालतात आणि पुरुषही रंगाची पुडी आणून केस काळे करतात, हे मला ठाऊक आहे. पुण्यामुंबईच्या बांधकामांवर सिमेंटमधल्या क्रोमियमने ज्यांचे हात फाटतात, ते गवंडी बहुतेक खेड्यांतूनच आलेले असतात, हेही मला कोणी शिकवायला नको. माझ्या लेखातले म्हणणे पदार्थांच्या यादीविषयी नव्हतेच. पुण्यातल्या माझ्या एका रुग्णाच्या कानाच्या पाळ्या निकेलने चिघळत होत्या, तिने कानातले बदलले आणि महिन्याभरात बरी झाली. दुसऱ्या एकाचे कपाळ केसांच्या रंगाने सुजत असे, त्याने पांढरे केस पत्करले आणि तो प्रश्न मिटला. आप्पांनी काय बदलायचे होते? जमीन? सिंधुदुर्गात काजू सोलणाऱ्या बाईच्या बोटांची सालपटे टरफलातल्या तेलाने निघतात, त्याच कुळातल्या बिब्ब्याचे तेल टाचेला लावून फोड उठतात; पण बिब्बा लावणे थांबवता येते, काजू सोलणे थांबवले तर त्या दिवशीची चूल थांबते. शहरातला माणूस पुष्कळ वेळा कारण दूर ठेवू शकतो आणि खेड्यातला कारणातच राहतो, हा फरक आपल्याला ‘कृत्रिम’ वाटत असेल, तर त्यावर माझ्यापाशी अधिक काही सांगण्यासारखे नाही. ‘व्यवसाय’ हा शब्द आपण मोठ्या आत्मविश्वासाने वापरला आहे, परंतु शेती हा ज्याच्या घराचा, झोपेचा आणि उपरण्याचाही भाग आहे, त्याच्यासाठी व्यवसाय संध्याकाळी सहाला संपत नाही.

माझ्या लेखातला मलमाच्या दुकानांविषयीचा परिच्छेद आपण वाचला नसावा असे दिसते, नाहीतर तो अन्यायकारक आहे असे लिहिले नसतेत. स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब तालुक्याच्या गावात आजही खाजेचे मलम म्हणून सहज हातात पडते. 2018 साली अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली, तरीही. चार दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि मूळ कारण जिथल्या तिथे. कधी मलमातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाचीच ॲलर्जी होते, आणि मग रुग्ण ज्याने बरे व्हायचे त्याच वस्तूने आजारी पडतो.

आकड्यांबाबत एवढेच सांगते की पॅच टेस्टची सोय मुख्यतः मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असते, त्यामुळे जे आकडे छापले जातात ते तिथवर पोचलेल्यांचे असतात. पट्ट्या पुडीत घालून आणणारा त्यांत मोजला जात नाही. त्या आकड्यांवरून खेड्याचे चित्र काढणे मला प्रामाणिक वाटले नाही, म्हणून काढले नाही. लेखाची भाषा जड आहे हेही आपण जाता जाता लिहिले आहे. त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. मूळ लेखात ‘ग्रामीण भागातून पसरलेले’ हे शब्द आज सकाळीच खोडून ‘पुण्यात प्रथम नोंदले गेलेले’ असे केले आहेत. बाकीचा लेख आहे तसाच राहील.