तिकीट काढून ऊन

मे महिन्यात दुपारी बारा ते चार सोलापूरचा माणूस सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा जात नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून आत पंख्याखाली लवंडतो. माठाला ओलं फडकं, खिडकीला ओला पडदा, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला टॉवेल, एवढं शहाणपण आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही असतं. आणि हाच माणूस वॉटर पार्कचं तिकीट काढतो आणि भर साडेबाराला तीन मजली लोखंडी जिन्यावर अनवाणी उभा राहतो. पारा 42. पुढं चाळीस माणसं. "सावलीत ये की बे" म्हणालात तर तुमच्याकडंच खुळ्यासारखं बघतो. तिकीट काढलंय ना!

माझ्या मते वॉटर पार्कात ऊन बाधत नाही, तिकीट बाधतं.

आता हिशेब बघा. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं, त्यामुळं सोलापुरात मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, 12 वाजून 20-25 मिनिटांनी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो अगदी टाळूवर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या वेळी भिंतीच्या कडेला उभं राहूनही उपयोग नसतो, कारण भिंतीलाच सावली नसते. बरं, कातडी भाजण्याची वेळ ही असली तरी हवा सगळ्यात जास्त तापते ती पुढं तीनच्या सुमाराला. म्हणजे बारा ते साडेतीन हा अख्खा तुकडा वाया गेला असं समजायचं. फाटक उघडताच आत शिरा, उंच घसरगुंड्या साडेअकरापर्यंत उरका, मग जेवा, झाडाखाली पडा, आणि लाटांच्या तलावात चारनंतर उतरा. हे सगळ्यांना पटतं. पाळत कुणी नाही, कारण झाडाखाली पडायला पैसे कशाला मोजायचे, ते घरीही पडता येतं.

आता कपड्यांचं. सुताच्या गावचा माणूस फाटकाशी आला की त्याला पहिल्यांदा सुती कपडे उतरवायला लावतात. राग नको, कारण खरं आहे: सुताचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात आणि भिजलेली जीन्स अंगावर दगडासारखी होते. म्हणून नायलॉन. पण नायलॉन पाणी धरत नाही. बाहेर आलात की पाच मिनिटांत कोरडं, आणि मग तो पोशाख म्हणजे अंगाला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. पाण्यात राजा, रांगेत भाजलेलं वांगं.

इथं आपला टेरी टॉवेल कामाला येतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. नाव चादरीचं झालं, पण उन्हात उपकार टॉवेलचे. त्याच्या उभ्या फासांत पाणी बसतं आणि सावकाश उडतं. पंचा पटकन गार करतो खरा, पण तितक्याच पटकन वाळतो. रीत अशी: पांढरा किंवा फिक्या रंगाचा टॉवेल पूर्ण भिजवा, पाणी टपकायचं थांबेल इतकाच पिळा (कडक पिळलात तर तो नुसता टॉवेल झाला), मान आणि खांदे झाकतील असा पांघरा, एक टोक डोक्यावर. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा भिजवा. हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर सावलीत वारं लागणारं ओलं कापड 23-24 अंशांपर्यंत उतरतं. माठ आणि कूलर याच गणितावर चालतात. मुंबईत हाच प्रयोग केलात तर टॉवेल संध्याकाळपर्यंत ओला राहील आणि तुम्हीही. कोरडी हवा ही आमची एकमेव श्रीमंती आहे, ती वापरा.

चपलेचा प्रश्न मात्र आजवर कुणाला सुटलेला नाही. घसरगुंडीवर चप्पल चालत नाही, म्हणून ती जिन्यापाशी काढायची. माणूस वरून सुटतो तो पन्नास पावलं पलीकडच्या हौदात पडतो. चप्पल इकडं, पाय तिकडं, मध्ये तापलेली फरशी. मग मोठमोठे गृहस्थ, ज्यांना एरवी जिना चढताना गुडघा दुखतो, ते हरणासारखे उड्या मारत येतात. पाण्यात भिजून मऊ झालेल्या तळव्याला फोड लवकर येतो, तेव्हा याला गंमत समजू नका. गडद फरशी जास्त तापते. पांढऱ्या पट्ट्यावरून किंवा लोकांच्या ओल्या पावलांवरून चाला. त्याहून चांगला उपाय म्हणजे सोबतची आत्या. प्रत्येक घरात एक आत्या पाण्यात न उतरता पिशव्या राखत बसलेली असते. तिला हौदाच्या बाजूला बसवा, चपला तिच्याकडं द्या. बदल्यात तिला कुल्फी.

पाण्याच्या बाटलीचं लोक नेमकं उलटं करतात. रात्री बाटली गच्च भरून फ्रीजरमध्ये उभी ठेवतात. बर्फ झाला की पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, बाटली तडकते, आणि नाहीच तडकली तर अकरा वाजता हातात एक बर्फाचा दांडका आणि घशाला कोरड. बाटली अर्धीच भरा, आडवी गोठवा, निघताना वर साधं पाणी ओता. बाहेरून ओला मोजा चढवला की दुपारपर्यंत गार राहते. आणि तहान लागायची वाट बघू नका; पाण्यात असलो तरी घाम येतोच, फक्त दिसत नाही. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ हवं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सरबताची हौस म्हणून मीठ वाढवू नका.

खाण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं डबा आधीच संपवा किंवा गाडीपाशी बसून खा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते खरी, पण भर उन्हात वर तांब्याभर पाणी मागते. दहीभात बरा. सकाळी भातात दूध घालून चमचाभर दही कालवा. दुपारपर्यंत आपोआप लागतो आणि आंबत नाही. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो की नायलॉनच्या चड्डीला खिसा नसतो. कांदा खा.

सनस्क्रीन म्हटलं की पुरुष मंडळी "आपण काय साहेब आहोत का" म्हणून हसतात आणि रात्री पालथे झोपतात. निघायच्या वीस मिनिटं आधी लावायचं, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. कानाची पाळी, भांग आणि पावलांची वरची बाजू हमखास विसरते.

चेष्टा बाजूला ठेवून एक. कुणी बरळायला लागलं, अंग तापलं आणि तोल जाऊ लागला, तर "थोडं बसव" म्हणून पुढची घसरगुंडी गाठू नका. सावली, अंगावर भरपूर पाणी, जोराचा वारा, आणि 108 ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

परतताना गाडीची सगळी दारं दोन मिनिटं उघडी टाका, मग एसी लावा आणि पहिला अर्धा किलोमीटर काचा खालीच ठेवा. सीट बेल्टच्या पत्र्याला ओला टॉवेल लावूनच हात लावा.

घरी आल्यावर क्लोरीनचा वास काढायला आंघोळ हवी असते. दिवसभर लाखो लिटर पाण्यात डुंबून आलेलं अख्खं कुटुंब मग दारात उभं राहून एकमेकांना विचारतं, "आज आपल्याकडं पाण्याची पाळी आहे का?" नसते. एका बादलीत पाच जणांचे कपडे आणि टॉवेल खळबळून निघतात, आणि ते पाणीही फेकायचं नाही. अंधार पडताना गच्चीवर ओतायचं, म्हणजे रात्री अंथरूण टाकता येतं.