लांडग्यांनी हप्ता भरला का?

टेबलाभोवती बसून फाशांनी कल्पित साहसे खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची मानली जाते. परवाच्या रविवारी कोथरूडमधल्या एका डायनिंग टेबलावर त्या सहा सेकंदांना पाऊण तास लागला आणि त्यातून माझ्या वाट्याला एक बाण आला. तो लागला नाही. याहून अधिक पूर्वपीठिका देण्याचे कारण नाही. समोर ट्रोल नावाचा एक राक्षस होता, आम्ही चौघे पाचव्या पातळीला पोहोचलेलो होतो आणि मी चोर होतो, अर्थात खेळात.

आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा यजमान, याची आत्या साताऱ्याहून चार दिवसांसाठी आलेली होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसलेली होती. ड्रुइडने, म्हणजे आमच्यातल्या रानातल्या मांत्रिकाने, मंत्र टाकून आठ लांडगे बोलावले होते. लांडगे झुंडीने तुटून पडतात म्हणून प्रत्येकासाठी वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा असतो, त्यामुळे तो फासे मूठ भरून टाकत होता. त्यातला एक घरंगळत मेथीच्या ढिगात गेला. आत्यांनी तो देठांमधून शोधून काढला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला आणि “सतरा” असे जाहीर केले. फासा पुन्हा टाकावा असे मी सुचवून पाहिले, परंतु ड्रुइडने त्या सतरावर ताबडतोब दावा सांगितला.

“हा पोरगा एकटा किती वेळा मारणार रे?” आत्यांनी योद्ध्याकडे बोट दाखवून भाच्याला विचारले.

“चार वेळा, आत्या. पाचव्या पातळीला योद्ध्याला एका पाळीत दोन वार मिळतात. त्यात त्याने अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे जादा कृतीची सोय, वापरली, म्हणून आणखी दोन.”

“आणि त्याच्या शेजारचा?”

“तो मंक आहे, म्हणजे हातापायांनीही लढणारा संन्यासी. त्याचेही चार. शेवटचे दोन नुसते गुद्दे.”

“आणि हा?” बोट माझ्याकडे वळले.

“त्याला एक.”

“एकच? त्याने काय घोडं मारलंय तुमचं?”

घोडे मारायलाही माझा नेम लागला पाहिजे, हे मी बोललो नाही. आत्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “अरे, आमच्या सोसायटीची भिशी मी चालवते. ज्या बाईची चिठ्ठी निघाली तिचं नाव डब्यातून बाहेर. सगळ्यांची होईपर्यंत तिने गप्प बसायचं. तुम्ही एकाचीच चिठ्ठी चार-चार वेळा काढताय. बिर्याणीचे पैसे सगळ्यांनी सारखेच भरले ना?”

“सारखेच,” मी म्हणालो. एवढ्या वेळात मी उच्चारलेला हा पहिलाच शब्द असावा.

“मग? आणि ते लांडगे कुणाचे?”

“ड्रुइडचे. आठ आहेत.”

“त्यांनी हप्ता भरला का?”

यावर टेबलाशी जी शांतता पसरली ती माझ्या दृष्टीने त्या दुपारची सर्वोत्तम घटना होती. परंतु डीएम हा गणिताचा माणूस आहे, आणि गणिताची माणसे अशा शांततेचा आदर करत नाहीत. त्याने मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला आणि आत्यांना समजावू लागला, की चोराला एकच वार मिळत असला तरी तो बेसावध शत्रूवर केला तर तीन फासे जास्तीचे पडतात. म्हणजे लागला तर सरासरी अठराची जखम. योद्ध्याचा एक वार अकराचा. पंधरा चिलखताच्या, म्हणजे फासा आणि नेमाची भर मिळून पंधरा झाले तरच वार लागेल अशा, ट्रोलवर दोघांचाही नेम शंभरात पासष्ट वेळा लागतो, म्हणून दर पाळीला चोराचे पदरी पडणारे साधारण बारा आणि योद्ध्याचे चौदा. फार फरक नाही.

या “फार फरक नाही”वर माझा खरा राग आहे. सरासरी ही खेळ लिहिणाऱ्याला दिसते; टेबलाशी बसलेल्याला फक्त आजची पाळी दिसते. माझ्या शंभर पाळ्यांपैकी पस्तीस पूर्णपणे वाया जातात. योद्ध्याचे दोन्ही वार हुकणे शंभरात बारा वेळा घडते आणि मंकचे चारही हुकणे दोनदासुद्धा घडत नाही. शिवाय तो हुकला तरी फासे टाकत राहतो, ओरडतो, हळहळतो, टेबलावर हात आपटतो. मला हळहळायलाही चार सेकंद मिळतात. उरलेल्या वेळात मी चहा करून आणला, कप विसळले आणि समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी बसवताना पाहिली.

आता त्या बाणाविषयी. ट्रोल भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याच्याभोवतीच्या आठही चौकटी योद्धा, मंक आणि सहा लांडगे यांनी अडवल्या होत्या. जागा न मिळालेले दोन लांडगे मागे ताटकळत होते आणि त्यांच्याही मागे मी. माझी पाळी येण्याच्या क्षणभर आधी एका लांडग्याने ट्रोलचा पाय ओढून त्याला आडवा पाडला. पडलेल्या शत्रूला जवळून मारणे सोपे जाते. लांबून बाण मारणाऱ्याला मात्र दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो, आणि असा तोटा असला की चोराचे ते तीन जास्तीचे फासेही जातात. मला पडले चौदा आणि चार. चार धरले गेले. चौदा धरून बाण लागला असता तरी साडेसातच्या आसपासची जखम झाली असती, आणि ट्रोल दर फेरीला दहा भरून काढतो.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. मूळ खेळ 1974 मधला; त्यानंतर आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांत फेरी एका मिनिटाची होती आणि सातव्या ते बाराव्या पातळीच्या योद्ध्याला दोन फेऱ्यांत तीन वार मिळत, म्हणजे फेरीला दीड, ज्याची कल्पना मला आजही नीट करता येत नाही. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत वार वाढले, पण प्रत्येक पुढच्या वाराच्या नेमातून पाच वजा होत. हावरटपणाला निदान दंड होता. 2014 च्या आवृत्तीत तो दंड उरला नाही आणि चौथा वारही पहिल्याच्याच जोराने बसू लागला. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या आवृत्तीत प्रत्येकाला तीन कृती मिळतात, दुसऱ्या वाराला पाच वजा, तिसऱ्याला दहा. तिथे चोरसुद्धा तीनदा मारू शकतो, आणि पस्तावायचे तर स्वतःच्या हिमतीवर पस्तावतो. खुद्द डंजन्सवाल्यांनीही 2024 च्या सुधारणेत लांडग्यांच्या त्या मंत्राचे रूप बदलून सगळी झुंड एकच करून टाकली. म्हणजे आत्यांची शंका तिकडेही कुणाला तरी आलीच असणार.

मी हे सगळे मांडले. नवी पुस्तके कोण घेणार, असे योद्धा म्हणाला. दोन हातांत दोन सुऱ्या घे, म्हणजे तुलाही दोन वार मिळतील, असे मंक म्हणाला. सुऱ्या घेऊन उभे कुठे राहायचे, हे त्याने सांगितले नाही. शेवटी डीएमने ठेवणीतला युक्तिवाद काढला, की लढाई हे चोराचे क्षेत्रच नव्हे. कुलपे उघडणे, सापळे ओळखणे, तिथे तुझ्याशिवाय कुणाचे पान हलत नाही. हे तत्त्वतः खरे आहे. ट्रोल मेल्यावर समोर लोखंडी कुलूप लावलेला एक दरवाजा आला, मी माझी अवजारे काढली, आणि तोवर योद्ध्याने लाथ घातली होती. पहिल्या लाथेने दरवाजा उघडला नाही. मग त्याने दुसरी घातली.