अरण्याला आपली ओळख पटली पाहिजे

सुट्टीच्या दिवशी जवळच्या अभयारण्यात किंवा एखाद्या डोंगरवाटेवर जाण्याचे ठरले, की एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपण तेथे पाहायला नव्हे, दाखवायला चाललो आहोत. इतकी वर्षे ते रान आपल्यावाचून कसे काय निभावले, असा प्रश्न मनात डोकावलाच, तर तो गाडीतच ठेवून काचा लावून घ्याव्यात.

निघण्याची घाई नसावी. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याचा एक ठोकताळा मांडला होता. आजच्या मापात सांगायचे तर सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ६०० मीटरचा चढ असेल, तर न थांबता ३ तास. त्या गृहस्थांच्या हिशेबात विसावा नाही आणि छायाचित्रे तर नाहीतच. आपण दुपारी जेवून, हात वाळवून निघावे. अंधार पडलाच तर मोबाइलची विजेरी आहे, आणि तिला लागणारी बॅटरी संपवण्यासाठी समोर सबंध सूर्यास्त आहे.

शांततेसाठी आलो असल्यामुळे सॅकला बाहेरून लटकवलेला स्पीकर विसरू नये. पक्षी गातात ते आपली हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी. सततच्या गोंगाटात काही पक्षी अधिक चढ्या स्वरात गाऊ लागतात, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. मैफलीत साथ मिळाल्यावर गायकाचा आवाज चढतोच, असे समजून आपण आवाज आणखी वाढवावा.

आता मुख्य विषय, म्हणजे वाट. डोंगरावरच्या वाटा नागमोडी का असतात, हे त्या आखणाऱ्यांनाच ठाऊक; चढ सौम्य राहावा आणि उतारावरच्या पाण्याला वेग येऊ नये, असे काहीसे कारण ते देतात. आपल्याला खालचे वळण आणि वरचे वळण दोन्ही एकाच वेळी दिसत असताना असा वळसा घालणे हा बुद्धीचा अपमान आहे. सरळ चढावे. प्रथम थोडे गवत दबेल, एवढेच. मागून येणारा ती दबलेली रेघ पाहून हीच खरी वाट म्हणून तिच्यावर पाय देईल, त्याच्यामागे त्याचे कुटुंब येईल, आणि माती इतकी घट्ट बसेल की तिच्यात पाणी मुरणार नाही. मग पाऊसही आपलेच अनुकरण करील. पहिल्या पावसात ती रेघ बोटभर खोल होईल, पुढे तिची घळ होईल आणि झाडांची मुळे उघडी पडतील. एखाद्या वर्षी जुनी नागमोडी वाटही तिच्याबरोबर खाली जाईल. ओढ्याला जन्म देण्याचे भाग्य सगळ्यांना लाभत नाही. शिवाय आपली चार मिनिटे वाचली.

या चार मिनिटांचे काय करावे? वर एखादा खडक असतोच. त्याच्यावर राखाडी, हिरवट, कडा किंचित उचललेले ठिपके असतात. त्यांना दगडफूल म्हणतात. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे, आणि त्यातल्या काही जातींची कड वर्षाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाही. तळहाताएवढा ठिपका दिसला, तर त्यामागे निदान चार दशके असू शकतात. गाडीच्या किल्लीने तो खरवडून तेथे आपले नाव, खाली आजची तारीख आणि जमल्यास एक बदाम कोरावा. (असे एक नाव माझेही कोठेतरी आहे. अक्षर ठीक आले आहे, वेलांटी मात्र चुकली.) कोरता येत नसेल त्याने ओढ्यातले दगड काढून त्यांची लगोरी रचावी, त्या दगडांच्या खालच्या बाजूला चिकटून राहणाऱ्या कीटकांच्या अळ्यांनाही थोडे ऊन मिळेल.

संत्र्याची साल झुडपात भिरकावताना ‘कुजून जाईल’ हा मंत्र म्हणावा. ती महिनोन्‌महिने तशीच दिसत राहते. पण कुजणे हे सालीचे काम आहे, आपले नव्हे. उरलेला खाऊ जो प्राणी जवळ येईल त्याला हाताने भरवावा. त्याची माणसाविषयीची भीती गेली, की तो पुढच्या पाहुण्याची पिशवी स्वतःच उघडेल, मग कोणाला तरी चावेल, मग उपद्रवी ठरेल आणि पिंजऱ्यातून दूर कोठेतरी सोडला जाईल किंवा मारला जाईल. तोवर आपण त्याच्यासोबतचे छायाचित्र केव्हाच सगळ्यांना पाठवलेले असेल.

परतताना प्रवेशद्वारापाशी अभिप्रायाची वही दिसली, तर तिच्यात स्पष्ट लिहावे: ‘दिवसभर फिरलो, एकही प्राणी दिसला नाही. झाडे फार दाट असल्यामुळे मागचे काही दिसत नाही. व्यवस्थापनाने लक्ष घालावे.’